सीझरनंतरचा पहिला खोकला

सीझर झालेल्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेले की मी आधी टाक्यांकडे वळत नाही. "जरा खोकून दाखव," म्हणते. बहुतेकजणी आधी हसतात, मग घाबरतात. हात पोटावर जातो, ओठ घट्ट मिटतात आणि घशातल्या घशात 'खं' असा एक केविलवाणा आवाज येतो. शेजारची आई किंवा सासू लगेच म्हणते, "नको गं बाई, टाके तुटतील." त्या एवढ्याशा आवाजावरून मला बरंच कळतं. दुखणं किती आहे, रात्रभर ती उताणी पडून होती की उठून बसली होती, आणि छातीच्या तळापर्यंत हवा पोचते आहे की नाही.

माझं काम भूल देण्याचं. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो, "पूर्ण भूल देणार की पाठीत इंजेक्शन?" प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेक वेळा उत्तर 'पाठीत' हेच असतं. पण फुप्फुसांच्या हिशेबात हा प्रश्न निम्माच आहे, असं माझं मत होत गेलं आहे. आधी पोटात काय गेलं आणि नंतरच्या २४ तासांत बाई उठून बसली का, यात उरलेला निम्मा आहे. तो बराचसा तुमच्या घरच्यांच्या हातात असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सीझरनं होतं, गोव्यात तर जवळजवळ ४० टक्के. म्हणजे हा प्रश्न कधी ना कधी बहुतेक घरांत येणार.

आधी नवव्या महिन्यातली छाती कशी असते ते पाहू. गर्भाशय वाढतं तसं ते मध्यपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, वर ढकलतं. शेवटी शेवटी हा पडदा चार सेंटीमीटरपर्यंत वर सरकलेला असतो. श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते तिचा साठा साधारण २० टक्क्यांनी घटतो, आणि उताणं झोपलं की आणखी. इकडे बाळासाठी प्राणवायूची गरज २० टक्के किंवा त्याहूनही जास्त वाढलेली असते. घरातली माणसं वाढली आणि गच्चीवरची टाकी मात्र लहान झाली, तसला हा प्रकार. एरवी निभावतं. पण नळ बंद झाला, म्हणजे श्वास थांबला, की टाकी पाहता पाहता रिकामी होते. म्हणून पूर्ण भूल देण्याआधी आम्ही तीनेक मिनिटं तोंडावर मास्क घट्ट धरून नुसता प्राणवायू देतो. मास्कखाली गुदमरल्यासारखं वाटतं, पण तो ढकलू नका. ती टाकी भरण्याची वेळ असते.

पूर्ण भूल म्हणजे शिरेतून झोपेचं औषध, पाठोपाठ स्नायू सैल करणारं औषध, श्वासनलिकेत नळी आणि यंत्रानं श्वास. स्नायू सैल पडले की मध्यपटलही ढिलं होतं आणि फुप्फुसांच्या खालच्या भागातले हवेचे बारीक फुगे मिटायला लागतात. १९८० च्या दशकात स्वीडनमधल्या डॉक्टरांनी भूल दिलेल्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा सुमारे ९० टक्के लोकांत असे मिटलेले भाग दिसले. तेही निरोगी फुप्फुसांच्या लोकांत आणि काही मिनिटांत. हे वाचून धसका घेऊ नका. जाग आल्यावर माणूस नीट खोल श्वास घेऊ लागला की यातले बहुतेक भाग पुन्हा उघडतात. अडचण होते ती पोट दुखतं म्हणून श्वास वरवरचा राहिला तर. मिटलेला भाग मिटलेलाच राहतो, तिथे कफ साचतो, आणि साचलेल्या कफात जंतू वाढले की न्यूमोनिया. शिवाय नळीतून येणाऱ्या कोरड्या हवेनं कफ बाहेर ढकलणारी यंत्रणा काही काळ मंदावते, घसाही एक-दोन दिवस खवखवतो. स्थूल बायका, दम्याच्या बायका आणि वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायका यांना हे जास्त जाणवतं.

पाठीतल्या भुलेत यातलं बरंचसं टळतं. बारीक सुईनं मणक्यातल्या पाण्यात दोन मिलीलीटरच्या आसपास औषध जातं आणि स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत शरीर बधिर होतं. बाई जागी असते आणि श्वास स्वतःचा स्वतः घेते. नळी नाही, यंत्र नाही. मध्यपटलाची नस मानेतून निघते, तिथपर्यंत औषध पोचत नाही, त्यामुळे मुख्य भाता चालू राहतो. थोडी किंमत मात्र इथेही मोजावी लागते. पोटाचे आणि खालच्या बरगड्यांमधले स्नायू काही तास लुळे असतात, त्यामुळे खोकल्यात जोर राहत नाही. वजन खूप असेल तर श्वासाची क्षमता यातही बऱ्यापैकी घटते आणि सावरायला काही तास लागतात. पाठीतलं इंजेक्शन घेतलं म्हणजे छातीकडे बघायला नको, असं नाही.

या भुलेत एक गोष्ट हमखास घडते आणि आधी कुणी सांगत नाही. टेबलावर पाच-दहा मिनिटांत बाई म्हणते, "मॅडम, मला श्वासच येत नाहीये." श्वास येत असतो, पण छाती हलल्याची जाणीव बधिर झालेली असते. हात नाकासमोर धरून फुंकर मारून पाहा, हवा लागेल. मोठ्यानं बोलता येतंय आणि माझा हात घट्ट दाबता येतोय, तोवर काळजीचं कारण नाही; म्हणूनच आम्ही सारखे हात दाबायला सांगत असतो. मात्र बोटांना मुंग्या आल्या, पकड सुटू लागली किंवा आवाज कुजबुजल्यासारखा झाला, तर गप्प बसू नका. औषध हवं त्यापेक्षा वर चढत असल्याची ती खूण असू शकते, आणि तुम्ही सांगितलंत की आम्हाला ताबडतोब काही करता येतं.

मग पूर्ण भूल कधी? वार सुटून किंवा वार खाली असल्यामुळे धो धो रक्त जात असेल तर. रक्त गोठण्यात बिघाड असेल, बिंबाणू फार कमी झाले असतील, रक्त पातळ करणारं औषध नुकतंच घेतलेलं असेल, पाठीवर सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल, झटके येऊन शुद्ध हरपली असेल तर. बाळाची नाळ बाहेर आली आणि मिनिटांचा प्रश्न असेल, तर अनेकदा. आणि कधी कधी पाठीतलं इंजेक्शन पुरेसं चढतच नाही, तेव्हाही. अशा वेळी "आम्हाला पाठीतलंच हवं" हा हट्ट जितका चुकीचा, तितकाच "आमच्या बहिणीची कंबर त्या इंजेक्शननं कायमची गेली, आम्हाला झोपवूनच करा" हाही. बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने दुखणाऱ्या कंबरेचा त्या सुईशी संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे, वाकून पाजणं, मूल कडेवर घेणं, ही कारणं पुरेशी आहेत. सुईच्या जागी चार-आठ दिवस ठुसठुसतं, ते खरं.

आता पोटात काय गेलं त्याकडे येते. याबद्दल मी जरा कडक आहे.

न्यूयॉर्कमधल्या कर्टिस मेंडेलसन नावाच्या प्रसूतितज्ज्ञानं १९४६ साली एका मोठ्या प्रसूतिगृहातल्या ४४,०१६ बाळंतपणांचा हिशेब मांडला. त्यात ६६ जणींच्या बाबतीत भुलेत असताना पोटातलं अन्न किंवा आम्ल उलटून श्वासनलिकेत गेलं होतं. दोघी दगावल्या, त्या घट्ट अन्न अडकून गुदमरून. मेंडेलसननं सशांवर प्रयोग करून हेही दाखवलं की जठरातलं आम्ल फुप्फुसात गेलं की ते आतून भाजल्यासारखी इजा करतं. आजही या दुखण्याला त्याचंच नाव आहे. गरोदरपणी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल असते, वर पोटावर गर्भाशयाचा दाब, आणि कळा सुरू झाल्या की अन्न पुढे सरकणं बरंच मंदावतं. आपल्याकडे मात्र कळा सुरू झाल्या की 'बाळंतपण सुलभ व्हावं' म्हणून वाटीभर गरम दुधात साजूक तूप द्यायची पद्धत आहे. प्रेमानं दिलेलं ते दूध चार तासांनी, बाळाचे ठोके पडले म्हणून धावपळीत पूर्ण भूल द्यावी लागली, तर सगळ्यात मोठा धोका ठरतं.

सीझर आधीच ठरलेलं असेल तर हिशेब सोपा आहे. हलकं खाणं सहा तास आधी बंद, तळकट-तुपकट असेल तर आठ तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, बिनदुधाचा चहाही. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो खाण्यात धरायचा. रात्री दहापासून पाण्याचा थेंब नाही आणि ऑपरेशन दुपारी बारा वाजता, असला उपास करायची गरज नाही. दोन तासांचा नियम तुमच्या डॉक्टरांना विचारून पाळा. आणि काही खाल्लं असेल तर खरं सांगा. "काहीच नाही हो, फक्त दोन बिस्किटं," हे 'काहीच नाही' आम्ही रोज ऐकतो. खरं सांगितल्यानं कुणी रागावलं, तरी ऐकून घ्या. त्या माहितीवर आम्ही आम्ल मारणारं औषध देतो, भुलेची निवड बदलतो, कधी थांबतोही.

भूलतज्ज्ञांना आणखी काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. दमा असेल, तर तो लहानपणीचा असला तरी. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला कार्बोप्रोस्ट नावाचं इंजेक्शन वापरतात. दम्याच्या बाईला त्यानं जोरदार दम लागू शकतो, आणि तिला दुसरं औषध देता येतं. पण आधी कळलं तर. दम्याचा पंप ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायचा आणि बरोबर न्यायचा. सर्दी-खोकला लपवू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी बाळंतपणाच्या आधीच झालेली बरी. नखांचं पॉलिश काढून या, निदान दोन बोटांचं. डोहाळजेवणाची गडद मेंदी बोटांच्या टोकांना असेल तर प्राणवायू मोजणाऱ्या चिमट्याला नीट वाचता येत नाही. सांगितलंत की आम्ही तो कानाच्या पाळीला लावतो.

ठरवून केलेल्या सीझरबद्दल एक आडवाट. मुहूर्तासाठी लोक ३७ किंवा ३८ व्या आठवड्यातली तारीख मागतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या फुप्फुसातलं पाणी शोषलं जाऊ लागतं. कळांविना आणि ३९ आठवड्यांआधी काढलेल्या बाळांना जन्मल्यावर धाप लागून काचेत ठेवावं लागण्याचं प्रमाण जास्त असतं. वैद्यकीय कारण नसेल तर मुहूर्त ३९ आठवड्यांनंतरचा काढा. पंचांगात तेव्हाही चांगले दिवस असतात.

ऑपरेशन संपलं, बाळ बघून झालं, पेढे वाटले गेले. इथून पुढचा दिवस फुप्फुसांचा असतो, आणि नेमका त्याच दिवशी सगळं घर तिला न हलू देण्याच्या मागे लागतं. "पाठीत इंजेक्शन आहे, २४ तास उशी नाही, मान उचलायची नाही." ही सूचना अजून कित्येक ठिकाणी देतात, काही ठिकाणी नर्ससुद्धा. मणक्याच्या इंजेक्शननंतर काहींचं डोकं दुखतं हे खरं, पण सपाट पडून राहिल्यानं ते टळत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. हल्लीच्या बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या सुयांमुळे ते तसंही क्वचित होतं. झालंच, तर बसल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर कमी होतं. तसं वाटलं तर सांगा, उपाय आहेत. सपाट पडून राहण्याचा तोटा मात्र नक्की आहे. फुप्फुसांचे खालचे भाग दबलेले राहतात आणि पायातलं रक्त साकळायला वेळ मिळतो. रक्तदाब ठीक असेल तर खाटेचं डोकं सुरुवातीपासून थोडं वर करून घ्या. पायांत जोर परतला आणि डॉक्टरांनी होकार दिला की सहा-आठ तासांत कुणाला तरी धरून खाटेच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. पहिल्यांदा उठताना एकटीनं नको, चक्कर येते.

उठता येणं हे दुखणं किती दाबलं आहे यावर असतं. "गोळी घेतली तर दूध बाळाला बाधेल" म्हणून सोसत बसणाऱ्या बायका मी रोज पाहते. पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालतं. डायक्लोफेनॅकसारखी औषधंही सहसा चालतात, फक्त दमा, मूत्रपिंड, रक्तदाब पाहून ती डॉक्टरांनी ठरवावीत. दुखायला लागल्यावर मागण्यापेक्षा ठरलेल्या वेळी घेतलेली गोळी जास्त उपयोगी. काही ठिकाणी पाठीतल्या औषधातच अगदी थोडं मॉर्फिन घालतात, त्यानं जवळजवळ दिवसभर आराम मिळतो. अंगाला खाज सुटते, ती चालते. पण क्वचित कुणाचा श्वास काही तासांनी मंदावतो, म्हणून त्या रात्री नर्स येऊन श्वास मोजते. तिला "झोपू द्या हो" म्हणून परत पाठवू नका. बाळंतिणीला हाक मारूनही जाग येईना, असं वाटलं तर तुम्हीच नर्सला बोलवा.

खोकण्याची रीत शिकून घेतली की टाक्यांची भीती जाते. उठून बसा, गुडघे थोडे दुमडा, घडी घातलेली चादर किंवा उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट धरा. नाकानं सावकाश खोल श्वास घ्या, पोट फुगू द्या, मनात तीन मोजेपर्यंत धरा, तोंडानं सोडा. असे चार-पाच झाले की तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरतो तसा 'हाऽ' करत जोरानं श्वास बाहेर टाका. मग एक खोकला. उशी दाबून धरली असेल तर टाके तुटत नाहीत; ते आत थरांथरांनी घातलेले असतात. जागेपणी दर तासाला असे दहा खोल श्वास पुरे. बाळाला पाजायला बसाल तेव्हाच केलेत तर वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

दवाखान्यातून कधी कधी तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र आणायला सांगतात. निम्मे लोक त्यात फुंकर मारतात आणि चेंडू हलत नाहीत म्हणून यंत्र बिघडलंय म्हणतात. त्यात फुंकायचं नसतं, नळी ओठांत धरून हवा आत ओढायची असते. तिन्ही चेंडू एकदम टाळ्याला लावायची शर्यतही नको. सावकाश ओढून पहिला चेंडू दोन-तीन सेकंद वर राहिला तरी उद्देश साधतो. आणि पैसे वाचवायचे असतील तर ऐका, सगळ्यांना सरसकट हे यंत्र दिल्यानं नुसत्या खोल श्वासांपेक्षा जास्त फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. यंत्र कपाटावर आणि बाई खाटेवर, त्यापेक्षा व्हरांड्यात दोन फेऱ्या बऱ्या.

पोटपट्ट्याबद्दलही विचारतात. कंबरेभोवती बेताचा बांधला तर चालताना आधार वाटतो, दुखणं कमी होतं. बरगड्यांवर आवळून बांधला तर खोल श्वासच घेता येत नाही. पट्ट्याच्या आत दोन बोटं सहज जायला हवीत आणि झोपताना तो काढायला हवा.

घरी गेल्यावर खोलीची पाळी. बाळंतिणीची खोली बंद, खिडकीला फडकं, खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-बाळंतशेपांची धुरी. ऊब हवी हे मान्य, पण ती गरम पाण्याच्या पिशवीनं मिळते. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून येणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो, आणि धूर आईच्या कफाला आणि बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना दोघांनाही जाचतो. आजीचं मन मोडवत नसेल तर धुरी अंगणात होऊ द्या आणि तिच्या हातचे डिंकाचे लाडू खोलीत आणा.

माहेरी जायचा लांबचा प्रवास असेल, समजा पुण्याहून लातूर, तर दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून चार पावलं चाला, पाणी प्या, बसल्या जागी घोटे फिरवत राहा. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, सीझरनंतर जास्तच. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली तर चोळू नका, दाखवा. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत सुई टोचल्यासारखं झालं, थुंकीत रक्त आलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सरळ मोठ्या रुग्णालयात जा. गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. ताप, पिवळा-हिरवा कफ, स्वस्थ बसलेली असताना मिनिटाला २५ च्या वर श्वास, किंवा करोनाच्या काळात घेतलेल्या त्या बोटाच्या यंत्रावर ९४ च्या खाली आकडा, हेही थांबण्यासारखं नाही. आणि आडवं झाल्यावर धाप लागते, दोन उशा घेऊन बसून झोपावं लागतं, पाय सुजत चालले आहेत, हे 'बाळंतपणाचा अशक्तपणा' म्हणून सोडू नका. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदय कमजोर होण्याचा एक आजार असतो, तो असाच सुरू होतो. ज्यांचा रक्तदाब गरोदरपणात वाढलेला होता त्यांच्या फुप्फुसात बाळंतपणानंतरच्या दिवसांतही पाणी साचू शकतं, म्हणून त्यांनी तर वाटच पाहू नये.

सुट्टी मिळताना कार्डावर 'सीझर, माता व बाळ सुखरूप' एवढंच असतं. तिथेच भूलतज्ज्ञांकडून दोन ओळी लिहून घ्या. भूल कोणती दिली, इंजेक्शन पुरेसं चढलं का, नळी घालायला त्रास झाला का, कुठलं औषध सोसलं नाही. लसीकरणाच्या कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तीन-चार वर्षांनी पहाटे तीन वाजता, वेगळ्याच गावात, मला किंवा माझ्यासारख्या कुणाला तरी ते लागणार आहे.